ओगासावारा मारू ते आंग्रिया : एका बोटीच्या दोन नोकऱ्या



कामरगावहून समुद्र गाठायचा तर पाचशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी मोठं पाणी पाहिलं ते तलावाचं, नाहीतर धरणाचं. तरी भूगोलात बंदरे येतात, जलवाहतूक येते आणि 'जलमार्ग हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे' हे वाक्य मुलं पाठ करून पेपरात उतरवतात. गुणही मिळतात. पण बोट चालवून मालकाला पैसा कसा मिळतो, बोटीवाचून कुणाचं अडतं, आणि ती म्हातारी झाली की तिचं काय होतं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं.

म्हणून हा पाठ मी एका बोटीच्या चरित्रावरून घेतो. बोट जपानमध्ये बांधलेली, पण नाव मराठी माणसाला ओळखीचं : आंग्रिया. २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर जी 'क्रूझ' सुरू झाली, तीच ही. वर्तमानपत्रांत तेव्हा तिच्या पोहण्याच्या तलावाचे आणि रोषणाईचे फोटो भरपूर आले. त्याआधीची तिची जवळजवळ वीस वर्षं मात्र फारशी कुणी सांगितली नाहीत. मला विचाराल तर खरा पाठ त्या वीस वर्षांत आहे.

आधी एसटीचं उदाहरण

फळ्यावर दोन शब्द लिहा : लायनर आणि क्रूझ. मुलांना विचारा, आपल्या गावातून कारंज्याला जाणारी एसटी आणि शेगावला दर्शनाला नेणारी सहलीची गाडी यांत फरक काय? उत्तरं पटापट येतात. एसटी वेळ झाली की सुटते, आत दोन माणसं असोत की साठ. तिच्यात कुणी मजा म्हणून बसत नाही. कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाला तहसील, कुणाला कॉलेज. सहलीच्या गाडीत मात्र गाणी, फराळ, थांबे, फोटो हे सगळं प्रवासाचाच भाग असतं. गाडी फिरून पुन्हा जिथून निघाली तिथेच येते.

लायनर हा शब्द 'लाइन'वरूनच आलेला आहे. ठरलेल्या लाइनीवर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या बंदरांना ये-जा करणारी प्रवासी बोट म्हणजे लायनर. क्रूझ म्हणजे समुद्रावरची सहलीची गाडी. एवढं कळलं की अर्धा पाठ झाला.

लायनरचं एक उदाहरण मुलांना आधीच माहीत असलेल्या धड्यातून देता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने. १९२९ मध्ये लंडन–मुंबई मार्गासाठीच ती नवी आणली होती. वाफेच्या टर्बाइनवर वीज तयार करायची आणि त्या विजेच्या मोटारींनी पंखे फिरवायचे, असली मोठी प्रवासी बोट इकडच्या मार्गावर तेव्हा नवलाची होती. १९३२ मध्ये तिने लंडन ते मुंबई हे अंतर सतरा दिवसांत तोडून विक्रम केला. गंमत अशी, की हीच बोट प्रवाशांचा हंगाम मंदावला की युरोपातल्या हौशी लोकांना घेऊन सहलीलाही जायची. म्हणजे लायनरने क्रूझचं काम करणं ही काही आजची गोष्ट नाही. पुढे युद्धात ती सैनिक वाहू लागली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात ओरानजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली.

मग विमान आलं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. जिथे सतरा-अठरा दिवस लागायचे तिथे दोन दिवस पुरू लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या लायनर एकेक करून बसल्या. काही भंगारात गेल्या, काहींनी सहलीचा धंदा धरला.

आता आपली बोट

टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १००० किलोमीटरवर, भर पॅसिफिकमध्ये ओगासावारा नावाची बेटं आहेत. कारभाराच्या दृष्टीने ती टोकियो महानगराचाच भाग. मुंबई महापालिकेचा एखादा वॉर्ड लक्षद्वीपच्या पलीकडे असावा, तसला प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेच्या ताब्यात होती, १९६८ मध्ये जपानला परत मिळाली. वस्ती जेमतेम अडीच हजारांची, तीही चिचिजिमा आणि हाहाजिमा या दोनच बेटांवर. जपानी भाषेत चिचि म्हणजे वडील आणि हाहा म्हणजे आई. म्हणजे बापबेट आणि आईबेट! हे सांगितलं की वर्ग हसतो, आणि नावं पुन्हा विसरत नाही.

या बेटांवर प्रवासी विमानतळ नाही. जायचं तर बोटीने, यायचं तर बोटीने, आणि बोट साधारण आठवड्यातून एकदा. तिचं नाव ओगासावारा मारू. ('मारू' हा शब्द जपानी व्यापारी बोटींच्या नावापुढे लावायची जुनी पद्धत आहे.) या नावाच्या आजवर तीन बोटी झाल्या. पहिली १९७९ ची. तिला टोकियोहून चिचिजिमाला पोचायला २८ तास लागत. दुसरी मित्सुबिशीच्या शिमोनोसेकी कारखान्यात बांधलेली, १९९७ मध्ये कामाला लागली. लांबी १३१ मीटर, वेळ साडेपंचवीस तास. हीच पुढे आंग्रिया झाली. तिसरी २०१६ ची, तिला २४ तास पुरतात.

दुसरीने एकोणीस वर्षं ही फेरी मारली. भाजी, दूध, टपाल, औषधं, शाळेचं सामान, बाळंत होऊन परतणाऱ्या बाया, नोकरीवर रुजू व्हायला निघालेले कर्मचारी. बोट आली की दुकानांच्या फळ्या भरत, वादळाने ती अडली की रिकाम्या राहत. स्वस्त वर्गाच्या प्रवाशांना खाटा नव्हत्या. मोठ्या खोलीत खालीच ओळीने अंथरूण टाकून झोपायचं, शेजारी अनोळखी माणूस. आपल्याकडे लग्नघरी पाहुणे झोपतात तसं.

आपल्या शिक्षकांच्या काळजाला हात घालणारी गोष्ट पुढे आहे. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. बदली झालेले शिक्षक, शिकायला बाहेरगावी निघालेली मुलं, सगळे त्याच दिवसांत बोटीने बेट सोडतात. अख्खं बेट धक्क्यावर जमतं. बोट सुटली की लहानलहान होड्या तिच्याबरोबर धावत खाडीच्या तोंडापर्यंत जातात आणि होड्यांतली माणसं निरोप म्हणून समुद्रात उड्या मारतात. ते ओरडतात त्या शब्दाचा अर्थ 'जाऊन या' असा आहे. आपणही घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ते अगदी तसंच. बदलीचा आदेश हातात घेऊन एखादं गाव सोडलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वेगाच्या हव्यासाचीही एक गोष्ट याच मार्गावर घडली. साडेपंचवीस तास जास्त वाटतात म्हणून जपानने एक अतिवेगवान बोट बांधायला घेतली होती. सुमारे १७ तासांत बेट गाठणारी. २००५ च्या सुमारास ती तयारही झाली. तेवढ्यात तेलाचे भाव चढले, हिशेब बसेना, आणि ती बोट या मार्गावर एकदाही कामाला लागली नाही. जुनी ओगासावारा मारूच ओढत राहिली.

गणिताचा तास याच बोटीवर

२०१६ मध्ये तिसरी बोट आली आणि दुसरी मोकळी झाली. ती भारतात आणली, आतून नव्याने सजवली, १०४ खोल्या काढल्या, उपाहारगृहं, बार आणि पोहण्याचा तलाव केला. २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबई बंदरात तिचं उद्घाटन झालं. नाव दिलं आंग्रिया. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आडनावाचा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश तो. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळाचा मोठा उंचवटा आहे, त्यालाही हेच नाव आहे. इंग्रजांनी वाकडं केलेलं आपलंच नाव आपण मोठ्या हौसेने पुन्हा बोटीवर लिहिलं. 'कान्होजी' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? असो.

आता मुलांना वह्या काढायला सांगा. जपानमध्ये ही बोट १००० किलोमीटर साडेपंचवीस तासांत जायची. भागाकार केला की ताशी ३९ किलोमीटर येतात. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. संध्याकाळी चारच्या सुमारास निघून दुसऱ्या सकाळी नऊच्या सुमारास पोचायचं, म्हणजे सतरा तास. ताशी २५ किलोमीटर. तेवढ्या वेळात आपली एसटीसुद्धा मुंबईला पोचते.

बोट तीच, पण वेग एवढा कमी कसा? बिघडली का? मुलं तर्क करतील, करू द्या. खरं उत्तर असं, की पहिल्या नोकरीत लोकांना पोचायची घाई होती, दुसऱ्या नोकरीत नव्हती. पहाटे तीनला गोव्यात पोचून सहलीच्या प्रवाशाने करायचं काय? त्याने पैसे मोजले ते सूर्यास्तासाठी, जेवणासाठी आणि डेकवर बसण्यासाठी. शिवाय बोटीच्या इंजिनाचा एक ढोबळ नियम आहे : लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ भागिले ३९ म्हणजे ०.६४. याचा घन काढला की ०.२६ येतात. म्हणजे वेग एक तृतीयांशाने कमी केला की इंजिनाला जवळजवळ चौथा हिस्सा शक्ती पुरते. वेळ जास्त लागतो हे धरलं, तरी तेवढ्याच अंतराला तेल निम्म्याहून कमी जळतं. आठवीच्या मुलांना घन कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या पालकांना हे उदाहरण मी आवर्जून सांगतो.

हेच गणित जगातल्या एका फार मोठ्या बोटीवर झालं होतं. 'फ्रान्स' नावाची लायनर १९६२ मध्ये ल हाव्र ते न्यूयॉर्क मार्गावर उतरली. लांबी ३१५ मीटर, म्हणजे आंग्रियाच्या जवळजवळ अडीच पट. चार पंखे, ताशी तीस सागरी मैलांहून जास्त वेग, पाच दिवसांत अटलांटिक पार. फ्रान्स सरकारचं अनुदान होतं म्हणून ती चालली. १९७३ मध्ये तेल भडकलं, १९७४ मध्ये सरकारने हात आखडता घेतला आणि बोट बंद करायचं ठरलं. तेव्हा खलाशांनी चिडून बंदराच्या तोंडाशीच तिचा ताबा घेतला. उपयोग झाला नाही. पुढची काही वर्षं ती धक्क्याला बांधलेली राहिली. १९७९ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीने ती घेतली आणि 'नॉर्वे' असं नाव देऊन १९८० पासून मायामीहून कॅरिबियन बेटांच्या सहलींना लावली. पण आधी काय केलं पाहा : चारपैकी दोन पंखे काढून टाकले आणि दोन इंजिनघरांपैकी एक कायमचं बंद केलं. जिचा वेग हाच अभिमान होता, तिला कामाला ठेवायचं तर तिचा वेगच आधी काढून घ्यावा लागला. बोट इतकी खोल होती की बेटांच्या उथळ बंदरांत जाता येईना, म्हणून प्रवासी उतरवायला दोन लहान बोटी तिच्याच डेकवर ठेवल्या.

कोकणची आगबोट

इथपर्यंत पाठ छान चालतो. एक प्रश्न मात्र मला स्वतःला टोचतो, आणि तो मुलांपुढे ठेवायलाच हवा असं मला वाटतं.

मुंबई–गोवा हा मार्ग आंग्रियाने शोधलेला नाही. त्याच किनाऱ्याने अनेक पिढ्या आगबोटी धावल्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी. कोकणातला गिरणी कामगार याच बोटीने गणपतीला गावी जायचा. बहुतेक ठिकाणी धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, पोरं होड्यांतून चढउतार करायची. 'बोट लागणे' हा वाक्प्रचार आपल्याला तिथूनच मिळाला. विदर्भातला माणूससुद्धा एसटीत मळमळलं की 'बोट लागली' म्हणतो, समुद्र न बघता.

तो प्रवास सुखाचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गाठोडी घेऊन डेकवर बसलेली साधी माणसं होती ती. तरीही ती सेवा होती, गरजेची होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींचा काळ संपला. रस्ते सुधारले होते, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

त्यानंतर तीस वर्षांनी त्या मार्गावर मोठी प्रवासी बोट आली ती हौसेची. तिकीट काही हजारांपासून सुरू, मधल्या बंदरांना थांबा नाही. रत्नागिरीचा माणूस ती बोट दिवे लावून लांबून जाताना बघू शकत होता, तिच्यात चढू शकत नव्हता. जपानच्या अडीच हजार लोकांसाठी जी बोट एसटी होती, तीच आपल्याकडे सहलीची गाडी झाली. यात कुणाला चोर ठरवायचं नाही. खासगी पैसा नफा बघणारच, आणि रेल्वे असताना रोजच्या प्रवाशाने बोट का धरावी? जपानमध्ये ही फेरी टिकते, कारण तिथे दुसरा पर्यायच नाही. पण 'जलमार्ग सर्वांत स्वस्त' हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला आंग्रियाचं तिकीट दाखवा आणि विचारा, 'स्वस्त' म्हणजे कुणासाठी? माझ्या वर्गात उत्तरं दोन्ही बाजूंनी आली, आणि माल स्वस्तात जातो, माणूस नाही, हा फरक एका मुलीने स्वतःच शोधून काढला.

शेवट

नेहमी एक प्रश्न येतोच : "सर, एसटी जुनी झाली की भंगारात जाते, मंग जहाज कुठी जाते?"

जातं अलंगला, गुजरातमध्ये, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी. तिथे भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज पूर्ण जोराने किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरलं की ते वाळूत बसतं, आणि गॅस कटर घेतलेले मजूर त्याचे तुकडे पाडू लागतात.

'नॉर्वे'चं तेच झालं. २५ मे २००३ रोजी मायामीच्या बंदरात तिचा बॉयलर फुटला आणि आठ कर्मचारी मेले. मग फिरत फिरत, 'ब्लू लेडी' या नावाने ती १५ ऑगस्ट २००६ रोजी अलंगच्या वाळूवर आली. तिच्यात हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस होतं. १९६० च्या आसपास आगीपासून बचाव म्हणून ते भिंतीभिंतींत घालत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनी माणूस आजारी पडतो. मजुरांच्या जिवावर हे तोडायचं का, असा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि पुढच्या वर्षभरात बोट संपली. टोकाचा तुकडा तेवढा फ्रान्सने जपून ठेवला. युरोपात बांधली, अमेरिकेत कमाई केली, आणि तिचं विष उपसलं ते अलंगला पोट भरायला आलेल्या परप्रांतीय मजुरांनी. जहाजे तोडण्याबाबतचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे २०१९ मध्ये झाला.

मुंबईत आंग्रियाच्या पाठोपाठ २०१९ मध्ये 'कर्णिका' नावाची आणखी मोठी क्रूझ बोट आली होती. १९९० मध्ये इटलीत बांधलेली, आयुष्यात सहा नावं बदललेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दोघींचंही काम थांबलं. कर्णिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलंगला गेली. आंग्रियाची फेरीही दोन हंगाम पुरते होण्याआधीच आटोपली. आता मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून 'एम्प्रेस' नावाची क्रूझ चालते. तीही १९९० चीच, दुसरीकडे बरीच वर्षं कमावून आलेली.

गृहपाठ म्हणून मी मुलांना जगाच्या नकाशावर टोकियो, चिचिजिमा, मुंबई, मुरगाव, ल हाव्र, मायामी आणि अलंग या सात जागा शोधायला देतो. आंग्रियाची रेघ निळ्या पेनाने, नॉर्वेची लाल पेनाने. शिवाय गावात जिथे कुणाच्या घराचं बांधकाम चालू असेल तिथे जाऊन सळई कुठल्या लोखंडाची बनते, हे मिस्त्रीकाकांना विचारून यायचं. अलंगच्या पत्र्यांच्याही सळया बनतात, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगतो.